काळ्याचा बांध

कॉन्रॅड मास्तरांनी पांढरा घोडा उचलला आणि काळ्या प्याद्यांच्या रांगेत असा आदळला, की शेजारचा उंट आडवा झाला. मधलं प्यादं मेलं. पुढच्याच चालीला हा घोडाही मरणार होता, हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. मास्तर मात्र पेन्सिल कानावर अडकवून गालातल्या गालात हसत होते.

"मारा," ते म्हणाले. "घोडा फुकट आहे. मारा की."

बळीराम भोईर पटाकडे पाहतच नव्हता. त्याच्या ओसरीवरून मिठागराचा लांबलचक बांध दिसायचा, आणि त्या बांधावरून भर दुपारी त्याची लेक बायजा चालत येत होती. पायात चपला नव्हत्या. उजव्या हाताने तिने डावा हात पोटाशी धरून ठेवला होता. जवळ आली तसा तिचा चेहरा दिसला. एक डोळा सुजून पार मिटला होता, ओठ फाटून हनुवटीवर रक्त वाळलं होतं. ओसरीवरच्या परक्या माणसाकडे तिने पाहिलं नाही, आणि बापाकडेही पाहिलं नाही. पदर डोक्यावर ओढून ती सरळ आत गेली.

लग्नाला अजून दोन वर्षं झाली नव्हती. अशी ती तिसऱ्यांदा आली होती.

थोड्या वेळाने बळीरामची बायको कृष्णाबाई दारात आली. ती रडणारी बाई नव्हती. "मनगट मोडलंय," ती म्हणाली. "या येली काठी नाय, वरवंटा घातलाय." एवढं सांगून ती हळद गरम करायला आत गेली.

बळीरामने मान हलवली आणि पांढरा घोडा मारला.

काय दगड माणूस, असं कुणाच्याही तोंडून निघेल. कॉन्रॅड मास्तरांच्याही मनात तेच आलं. पण मास्तर माणिकपूरच्या शाळेत गणित शिकवणारे, मवाळ, भांडणाचा आवाज आला की सायकलवरून उतरून दुसरा रस्ता धरणारे. वजीर पुढे सरकवून त्यांनी वहीत चाल टिपून घेतली.

बळीराम नायगावच्या खाडीकाठच्या एका मिठागरावर उघाडीचा माणूस होता. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीला फळ्या काढून समुद्र आत घ्यायचा, हवं तेवढं पाणी आलं की फळ्या टाकून तो कोंडायचा. चोवीस वर्षं तो हेच करत होता. गावात त्याची ओळख मात्र दुसरीच होती. बुद्धिबळात बळीरामला कुणी हरवू शकत नाही, असं लोक म्हणायचे. बळीराम कधी जिंकतही नाही, हे कुणाच्या फारसं लक्षात आलेलं नव्हतं.

लक्षात आलं ते मास्तरांच्या. सप्टेंबरात नायगावच्या सभामंडपात स्पर्धा झाली, तेव्हा या उघड्या अंगाच्या माणसाने काळी मोहरी घेऊन चार शिकलेल्या खेळाडूंना अक्षरशः दमवलं होतं. तो देशी पद्धतीवर वाढलेला. देशी खेळात प्यादं एका वेळी एकच घर चालतं. मास्तरांच्या इंग्रजी नियमांत पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं, हे त्याला दहादा सांगून झालं, तरी त्याची प्यादी एकेकच घर सरकायची. आठही प्यादी एक-एक पाऊल पुढे, त्यांच्यामागे घोडे आणि उंट दबा धरून, आणि राजा जागच्या जागी मधोमध. कशालाही हात लावायचा नाही. काही मारायचं नाही, काही मारू द्यायचं नाही. समोरचा कंटाळून बरोबरी मागायचा. बळीराम त्याला बांध म्हणायचा.

असला बचाव मास्तरांच्या एकाही पुस्तकात नव्हता. त्यांनी मनावर घेतलं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली, की ते सायकल हाणत नायगावला यायचे आणि पांढरी मोहरी घेऊन त्या बांधावर डोकं आपटायचे. कधी एक, कधी दोन, असे सत्तावीस डाव झाले होते. पुण्याच्या एका मासिकाला लेख पाठवायचा, त्यात बळीरामचं नाव छापून येणार, असं ठरलं होतं. रविवारी सकाळी बळीराम दाढी करून बसायचा.

बांध कसा सुचला, हे मास्तरांनी एकदा विचारलं होतं. "असाच," बळीराम म्हणाला होता.

असाच नव्हता सुचला. बळीरामचा बाप ताडी पिऊन घरी यायचा आणि अकरा वर्षांच्या पोराला पटावर बसवायचा. पांढरी मोहरी बापाची. पोरगा हरला, की अक्कल नाही म्हणून होडीच्या ओल्या दोराने मार. पोरगा चांगला खेळला, तर बापाशी शहाणपणा करतो म्हणून त्याच दोराने मार. बाप पटावरून उठला की आईकडे वळायचा. पोराला एवढंच कळलं, की बाप जितका वेळ पटावर आहे, तितका वेळ आई वाचते. मग त्याने डाव लांबवायला सुरुवात केली. एकेक प्यादं, एकेक घर. ताडी उतरेपर्यंत, बापाची मान पटावर लवेपर्यंत.

एकदाच त्याचा तोल गेला. बारावं वर्ष, अंगात रग. समोर प्यादेमात दिसली. देशी खेळात प्याद्याने राजाला मारण्यासारखा दुसरा मान नाही आणि समोरच्याचा त्याहून मोठा अपमान नाही. पोराने प्यादं सरकवलं. बापाने पोराला बोटही लावलं नाही. उठला, चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि भाकरी थापणाऱ्या आईच्या कानावर घातलं. त्या कानाने तिला मरेपर्यंत पुन्हा ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून बळीरामने कधी पहिलं मोहरं मारलं नाही. आपण जिंकलो की घरातली बाई मार खाते, हे त्याच्या हाडात बसलं ते बसलंच.

आणि जावई मिळाला तो असा. रामनाथ खाडीत रेती काढणाऱ्या होडीवर होता. दिवसाला शेकडो बादल्या ओढून ओढून दंड झाडासारखे झालेले, राग नाकाच्या शेंड्यावर. त्यालाही बुद्धिबळाचं वेड होतं. ब्याऐंशीच्या दिवाळीत बायजा पहिल्यांदा मार खाऊन आली. पाठोपाठ रामनाथ दात-ओठ खात आला. बळीरामने काय करावं? पट मांडला. पाच तास बांध घालून बसला. रामनाथचा राग उतरला, बरोबरी झाली. तो बोंबलाचं कालवण ओरपून जेवला आणि हसत-हसत बायकोला घेऊन गेला. त्या दिवशी बळीरामला आपल्या खेळाचा अभिमान वाटला होता, हे सांगायलाच हवं.

दुसऱ्यांदा आली ती चौथा महिना चालू असताना. पुन्हा पट, पुन्हा पाच तास, पुन्हा बरोबरी. पाठवू नको म्हणून ती आईच्या पाया पडली होती. "सबुरीनं घे," बळीराम तिला म्हणाला. ती गेली. पंधरा दिवसांनी रामनाथने पोटात लाथ घातली आणि पोर गेलं. दवाखान्यातून बायजा माहेरी आलीच नाही, सरळ त्याच्याच घरी गेली. माहेरी गेलं की काय होतं, ते तिला कळून चुकलं होतं.

आणि आज, चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, मोडलेलं मनगट घेऊन ती पुन्हा आली होती.

"शह," मास्तर म्हणाले.

बळीरामने खाली पाहिलं. घोड्याच्या मोबदल्यात बांधाला मधोमध भोक पडलं होतं. पांढरा वजीर त्यातून आत घुसला होता आणि काळा राजा मोकळ्यावर आला होता. त्याची सगळी मोहरी आपापल्या जागी अंग चोरून उभी होती. एकही मदतीला येऊ शकत नव्हतं, कारण त्यांना तशी सवयच नव्हती. आणखी तीन चालींत राजा मेला.

मास्तर खुशीत आले. माणूस गणिताचा, एकदा उत्तर सापडलं की आजूबाजूचं जग दिसेनासं होतं. मघाशी समोरून गेलेली बाई, तिचा डोळा, सगळं विसरून ते समजावू लागले. अठ्ठाविसाव्या डावात दोष सापडला होता.

"बघा, घोडा देऊन मी दार फोडलं, ती नुसती युक्ती," ते म्हणाले. "खरा दोष आधीच आहे. तुम्ही आपणहून पांढऱ्याचं एकही मोहरं मारत नाही. त्याची ताकद शेवटपर्यंत शाबूत राहते. तो आज नाही तर उद्या फोडणारच. या बचावात काळा वाचत नाही, बळीराम. त्याला फक्त उशीर होतो."

बळीरामने मेलेला काळा राजा उचलून पुन्हा त्याच्या घरात ठेवला. मग त्याने विचारलं, "आनि पांढऱ्याला काय होतं?"

"पांढऱ्याला?" मास्तर म्हणाले. "काहीच नाही."

तेवढ्यात बांधावर रामनाथ दिसला. एकटाच होता, घाई नव्हती. रीत त्यालाही पाठ झाली होती. यायचं, जरा डोळे वटारायचे, खेळायचं, जेवायचं आणि बायकोला घेऊन जायचं. मास्तर सायकलकडे निघाले. बळीरामने त्यांना बसायला सांगितलं. डाव लिहून घ्या, म्हणाला.

मग त्याने एक काम केलं. उठून घराच्या दाराला बाहेरून कडी घातली, खांबाजवळची आपली चटई ओढून उंबऱ्यावर टाकली आणि दाराला पाठ लावून बसला. आतून कृष्णाबाईने दार ढकलून पाहिलं. त्याने ते उघडलं नाही.

"मामा, मांडा पट," रामनाथ ओसरीवर टेकत म्हणाला. त्याने कडीकडे पाहिलं आणि हसला.

देशी नियमांनीच डाव सुरू झाला. पांढरी रामनाथची. बळीरामने पहिली दोन प्यादी एकेक घर सरकवली, आणि रामनाथ भिंतीला रेलून बिडी पेटवायला लागला. पाच तासांची तयारी होती त्याची. तिसऱ्या चालीला बळीरामने त्याचं प्यादं मारलं.

रामनाथची काडी तशीच जळत राहिली. मास्तरांनी मान वर केली.

पुढच्या चालीला घोडा गेला, त्याच्या पुढच्या चालीला उंट. बळीरामचीही मोहरी मरत होती, पण तो थांबत नव्हता. देशी खेळात राजाला शह बसला नसेल तोवर एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. अडचणीत सापडलेला खेळाडू त्या उडीवरच जगतो. बळीरामने सातव्या चालीलाच उंटाने शह दिला आणि रामनाथची ती उडी मारून टाकली. इतक्या वर्षांत त्याला असं खेळताना कुणी पाहिलं नव्हतं. बारा वर्षांचा असताना पाठीत उठायची तीच कळ पाठीत उठली होती, आणि तो प्रत्येक चालीआधी पाठ दाराला घट्ट दाबून पाहत होता.

पांढरा वजीर पडला तसा रामनाथला घाम फुटला. तो दाराकडे तोंड करून बायजाला शिव्या घालायला लागला. सटवी, अवदसा, पोर गिळून बसलेली, असलं काय काय. मग एकदम म्हणाला, "बास झालं. उठा मामा, तिला भायर काढा."

"डाव संपू दे," बळीराम म्हणाला.

डाव संपायला आणखी सहा चाली लागल्या. पांढरा राजा कोपऱ्यात अडकला. काळ्याचा हत्ती एका बाजूने, घोडा दुसऱ्या बाजूने. वाटलं असतं तर बळीराम हत्तीनेही मात करू शकला असता. त्याने मधलं प्यादं एका बोटाने एक घर पुढे ढकललं.

"प्यादेमात," तो म्हणाला. "बायजा येनार नाय. आज नाय, कवाच नाय."

रामनाथने पट उचलला. जाड सागवानी पट होता. त्याची कड बळीरामच्या गालफडावर बसली तेव्हा फांदी मोडावी तसा आवाज झाला. दोन दात बाहेर आले. दुसरा घाव कानशिलावर. मग लाथा. छातीवर, बरगड्यांवर, जिथे बसेल तिथे. बळीराम ओरडला नाही, आणि त्याने हातही उगारला नाही. त्याने दोन्ही हातांनी दोन्हीकडची चौकट धरली आणि पाठ दाराला लावून तो बसून राहिला.

रामनाथने त्याला केसांना धरून ओढलं. हलेना. कोपऱ्यात मीठ ओढायचं लाकडी फावडं उभं होतं, ते त्याने घेतलं आणि चौकटीवरच्या बोटांवर घालायला सुरुवात केली. आधी डावा हात, मग उजवा. बोटं मोडताना कळत होती. दाराच्या आत बायजा किंचाळत होती, कृष्णाबाई दारावर धडका देत होती, आणि प्रत्येक घावाला बळीराम रक्त थुंकत एवढंच म्हणत होता, "मी हाय इथं. मी हाय."

कॉन्रॅड मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा भांडणाकडे पाठ फिरवली नाही. ते एकदा मध्ये पडले. रामनाथने त्यांना एका हाताने ओसरीखाली भिरकावलं. मग वही तिथेच टाकून, एका पायात बूट नसताना, ते बांधावरून पळत सुटले. ओरडायला आवाज फुटत नव्हता, तरी ओरडत होते. पलीकडे पाच-सहा माणसं मीठ ओढत होती, चार बाया टोपल्या वाहत होत्या. सगळे हातातलं घेऊन धावले.

पुढचं फार वेळ चाललं नाही. त्यांनी फावड्यांनी रामनाथला ओसरीवरून खाली खेचला. रामनाथ अंगाने कितीही दांडगा असला, तरी दहा माणसांपुढे एकटा होता. त्याला मिठाच्या राशीत लोळवला. फुटलेल्या कातडीत मीठ गेलं तसा तो गुरासारखा ओरडायला लागला. एका बाईने टोपलीची कड त्याच्या तोंडावर मारली. ज्या हाताने त्याने वरवंटा उचलला होता, त्या हातावर कुणीतरी पाय देऊन उभं राहिलं आणि कोपर उलटं वळलं.

बळीराम उंबऱ्यावरून पाहत होता. नुसतं बास म्हणाला असता, तरी लोक थांबले असते. त्याचा तेवढा मान होता. तो बोलला नाही. त्याला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला शरम वाटत नव्हती. शेवटी मास्तरच रडत मध्ये पडले. मरेल तो, सोडा, म्हणून त्यांनी एकेकाचे हात धरले. मग लोक रामनाथला होडीत घालून त्याच्या गावाला पोचवून आले.

पोलिसांत कुणीच गेलं नाही. चार दिवसांत पंच बसले. आडमुठेपणा करायला रामनाथच्या बाजूने कुणाचं तोंड उरलं नव्हतं. फारकत झाली.

रविवारी मास्तर आले. वही पुसून, तिला नवी पानं शिवून आणली होती. लेखात बांधाबद्दल काय लिहू, असं त्यांनी जरा चाचरतच विचारलं. बळीरामच्या तोंडाला टाके होते. त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"तुमी बोललात तेच लिवा," तो म्हणाला. "माझं नाव नको."

मास्तरांनी मान डोलावली. त्या दिवशी पट निघाला नाही. ते थोडा वेळ बसले, पेज प्यायले आणि गेले.

दुपारी बायजा बापाला जेवायला घेऊन बसली. माणिकपूरच्या डॉक्टरने बळीरामचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरात घातले होते, तिचा डावा. बापलेकीत मिळून एकच हात धड होता. त्या हाताने ती भात कालवून एकेक घास त्याला भरवत होती. तिचा डोळा उघडला होता, पण आत अजून लाल होतं. आठ दिवस ती त्याचं सगळं करत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती.

"बाबा," ती भातातला काटा काढत म्हणाली, "मागच्या येली तुला खेलता येत नव्हतं का?"

बळीरामने तिच्याकडे पाहिलं.

"माझा पोर आथा बसाया लागला असता," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बळीरामने तो अंगावर घेतला असता. आठ दिवसांपूर्वी एवढं घेतलं, त्यात आणखी थोडं. त्याला बाप आठवला, आई आठवली, चुलीतलं लाकूड आठवलं. सगळं सांगावं असं वाटलं, आणि त्यातलं काहीही या पोरीला सांगण्यासारखं नाही, हेही कळलं. तरी काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं.

बायजाने घास पुढे केला आणि त्याच्या तोंडात घातला.